दानात दिलेली काळी

टेंडरच्या अटी मोठ्याने वाचून दाखवणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. घरी विचारलं तर सांगतात, ती ऑफिसात आहे. ऑफिस म्हणजे वाशिमला एका सिमेंटच्या दुकानावरची खोली. तिथे एक कूलर आहे, तो गार हवा कमी आणि आवाज जास्त देतो. मालक कंत्राटदार आहेत. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणते. भाऊंचं शिक्षण बेताचं, पण डोकं तल्लख. टेंडर भरण्याआधी सगळ्या अटी कानावरून गेल्याच पाहिजेत, हा त्यांचा नियम आहे. खुर्चीत रेलून, डोळे मिटून ऐकतात. एखाद्या अटीला "हं" म्हणतात, बहुतेक अटींना "पुढं" म्हणतात.

एकच अट अशी आहे की ती आली की भाऊ डोळे उघडतात. ती प्रत्येक टेंडरात असते, शब्द जरा इकडेतिकडे. कंत्राटदाराने कामाच्या जागेची, जमिनीखालच्या थरांची व पाण्याच्या पातळीची स्वतः पाहणी करून खात्री करून घेतली आहे, असे समजण्यात येईल. आणि तिच्या पाठोपाठ तिची सख्खी बहीण: सोबत जोडलेला भूस्तर तपासणीचा अहवाल केवळ माहितीसाठी असून त्याच्या अचूकतेची जबाबदारी कार्यालयावर राहणार नाही.

"पुन्हा वाच," भाऊ म्हणायचे. मी पुन्हा वाचायची.

"म्हंजे त्याइनं बोअर घेऊन पाह्यलं ते खोटं असू शकते, अन् मी जे पाह्यलंच नाही ते मी पाह्यलं. बराबर?"

"बरोबर, भाऊ."

"वारे वा," असं म्हणून ते टेंडर भरायला सांगायचे. न भरून करतात काय? टेंडर भरायला मिळतात मोजके दिवस. तेवढ्यात कोण कोणाच्या वावरात मशीन नेऊन जमीन फोडून बघणार, आणि काम मिळेल याची खात्री नसताना फोडू कोण देणार? जमिनीच्या पोटात काय आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं. प्रश्न एवढाच असतो की ते निघाल्यावर कोणाच्या डोक्यावर पडायचं. अटीत त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असतं. इतकी वर्षं मी ही अट वाचत आले आणि मला ती आमच्या धंद्यातली एक चहाटळ गंमत वाटत होती. मग ती माझ्या मावशीच्या वावरात गेली.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. आसेगावच्या पुढे, आडवळणाच्या एका गावात राहते. मावसाजींना साखरेचा आजार होता. पायात खिळा गेल्याचं निमित्त झालं आणि जखम भरून येईना. गावात दवाखाना नव्हता. सिस्टर लस टोचायला यायच्या, समाजमंदिराच्या ओट्यावर बसायच्या आणि ऊन उतरायच्या आत निघून जायच्या. पट्टी बदलायला मावशी मावसाजींना जीपमध्ये घालून शेलूबाजारला न्यायची. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली की दुखरा पाय ठेवायला जागा उरत नाही. कधी नेलं, कधी राहून गेलं. पेरणीच्या दिवसांत तर राहूनच गेलं. आधी बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग मावसाजी गेले.

"सिस्टर गावात राह्यली असती त पाय राह्यला असता," हे मावशी तेव्हापासून ज्याला त्याला सांगायची. लग्नात सांगायची, बाजारात सांगायची, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगायची. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. तिला मात्र एवढंच हवं होतं: गावात दवाखाना, आणि सिस्टर त्याच गावात राहणारी.

म्हणून जेव्हा ग्रामसभेत बातमी आली की गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालंय, खाली दवाखाना आणि वर सिस्टरला राहायला खोल्या, फक्त जागा गावाने द्यायची आहे, तेव्हा मावशी उभी राहिली. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत होते. आमच्याकडे सभेत बोलायला सगळे पुढे असतात आणि द्यायची वेळ आली की सगळ्यांना म्हशीचं दूध काढायचं आठवतं. मावशी म्हणाली, "माह्यातून घ्या."

मावशीकडे जमिनीचे दोन तुकडे. एक टेकाडाकडचं बरड. तिथे वखर घातला की दगड वाजतात, तूर गुडघ्यावर चढत नाही. दुसरा तुकडा रस्त्याकडची काळी. तिच्या सासऱ्याने जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबून ती विकत घेतली होती. त्या काळीत सोयाबीन निघालं की हरभरा, काही टाका, येतंच. दोन्ही तुकड्यांना रस्ता होता. मोजणीला आलेले म्हणाले, आजी, कोणतीही चालेल.

तिचा मुलगा पुण्याकडे एका कंपनीत कामाला आहे. तो फोनवरून ओरडला, "बरड दे न, माय! काळी कायले देतं?"

मावशी म्हणाली, "भंतेजी घरी आले त त्याइले शिळं वाढतं का तू? दान द्याचं त चांगलं द्याचं. नाही त देऊच नोको."

आणि तिने काळीचा तुकडा बक्षीसपत्र करून दिला. नोंदणीच्या ऑफिसात अंगठा नाही लावला, सही केली, चौथीपर्यंत शिकलेली आहे. त्या सहीचा तिला फार अभिमान.

गाव पांढरीवर वसतं आणि पोट काळीवर भरतं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. तिच्यावर भिंत टिकत नाही. पिकाला जी जमीन सोनं, ती पायाला वैरी. पण दान ही एक गोष्ट आणि पाया ही दुसरी, त्या दोन्ही एका वेळी कोणाच्याच मनात आल्या नाहीत. मावशीच्या नाही, गावाच्या नाही, माझ्याही नाही. शिवाय सगळ्यांना वाटलं, सरकारी लोक बोअर घेऊन बघणारच आहेत. ते बघण्यासाठीच तर असतं.

बोअर घेतले गेले. अहवाल आला. टेंडर निघालं आणि ते एका सकाळी माझ्याच टेबलावर आलं. गावाचं नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच. भाऊंना म्हटलं, हे माझ्या मावशीचं वावर आहे. भाऊ हसले, "मंग त भरलंच पाह्यजे." मी अहवाल वाचून दाखवला. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली खडक. भाऊ म्हणाले, "मुरूम लगेच लागून राह्यला. पाया सोपा हाय." मग नेहमीची अट आली, भाऊंनी डोळे उघडले, वारे वा म्हणाले, आणि काम आम्हालाच लागलं. मी पेढे घेऊन मावशीकडे गेले. तिने एक पेढा मावसाजींच्या फोटोपुढे ठेवला आणि म्हणाली, "आता सिस्टर येईन." त्या दिवशी मला माझ्या कामाबद्दल बरं वाटलं. असं वारंवार होत नाही.

कुदळ मारण्याचा कार्यक्रम झाला, फोटो निघाले, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी जेसीबी लागला. मी भाऊंबरोबर गेले होते. खड्डा हातभर खाली गेला, काळी. कमरेएवढा गेला, काळी. माणूस उभा राहून दिसेनासा झाला, तरी बकेटमधून निघत होती ती काळीच, ओली, चकाकणारी. भाऊ स्वतः कास्तकाराच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातले. काठावर बसून त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली, वास घेतला आणि आधी म्हणाले, "काय जमीन हाय बापा!" मग ते काय बोलले हे त्यांच्या लक्षात आलं. माती टाकून ते उभे राहिले. खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरायला लागलं होतं.

"बोअर कुठी घेतले होते?" त्यांनी विचारलं.

मावशी तिथेच चहाची किटली घेऊन उभी होती. तिने मोठ्या कौतुकाने हात केला. "ते काय, धुऱ्यावर."

धुरा म्हणजे दोन वावरांमधली बांधाची पट्टी. पिढ्यान्पिढ्या वावरातले दगड वेचून त्यावर टाकायचे आणि बैलगाडी त्यावरून न्यायची. मावशीचा तो धुरा टेकाडाच्या अंगाला, वावराच्या अगदी कडेला. मावशीने सगळी हकीकत सांगितली. मागच्या वर्षी मशीनवाली पोरं आली तेव्हा सोयाबीन फुलावर होतं. जागा सरकारला दिली होती तरी शेवटचं पीक तिचं होतं. पोरांनी नकाशा पाहिला, वावर पाहिलं, आणि आपसात बोलून मशीन धुऱ्यावर नेली. मावशी म्हणाली, जागा त आत हाय न बापा, आत आना. तर त्यातला एक म्हणाला, "उभ्या पिकात मशीन कोन घालते, माय? पाप लागते. दहा पावलानं का जमीन बदलते?" कास्तकारांचीच लेकरं. मावशीला इतकं भरून आलं की तिने सगळ्यांना भाकर आणि ठेचा खाऊ घातला.

"लय गुनाचे पोट्टे होते," मावशी म्हणाली. "एक झाड मोडलं नाही."

भाऊंनी चहा घेतला. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कोणावर? पिकाला जपणाऱ्या पोरांवर? त्यांना भाकर वाढणाऱ्या मावशीवर? सगळेच शहाण्यासारखे वागले होते, आणि त्या शहाणपणाचा मिळून झाला होता हा खड्डा.

मग कागद सुरू झाले. भाऊंनी सांगितलं, मी लिहिलं: अहवालात दाखवलेला थर प्रत्यक्षात आढळला नाही, पाया खोल न्यावा लागेल, नकाशा बदलून द्यावा. उत्तर आलं. उत्तरात फक्त अटीचा क्रमांक होता आणि तीच अट पुन्हा उतरून काढलेली होती. आपण जागेची खात्री करून घेतली आहे, असे समजण्यात आलेले आहे. मी ते भाऊंना मोठ्याने वाचून दाखवलं. या खेपेला ते वारे वा म्हणाले नाहीत.

कार्यालयाचे इंजिनिअर साहेब वाईट माणूस नव्हते. खड्ड्याच्या काठावर त्यांचे बूट चिखलात रुतले, तरी ते तासभर उभे राहिले. म्हणाले, "मला दिसतंय हो. मी वर लिहितो." त्यांनी लिहिलं. वरून विचारणा झाली की बोअर ठरल्या जागी का घेतले नाहीत. ते ज्या एजन्सीने घेतले तिने उत्तर दिलं की नकाशावर जागा अंदाजे दाखवली होती आणि अहवाल केवळ माहितीसाठी होता. म्हणजे ज्याने पाहिलं त्याची जबाबदारी नाही, आणि ज्याने पाहिलं नाही त्याची सगळी. मंजूर नकाशा सोडून पाया खोल नेता येत नाही, म्हणून भाऊंपुढे दोनच वाटा होत्या. मिळालेल्या नकाशाप्रमाणे काळीवरच पाया टाकायचा, दोन पावसाळ्यांत भिंत फाटू द्यायची आणि ती स्वखर्चाने बांधून द्या म्हणणाऱ्या दोष दुरुस्तीच्या अटीखाली पुन्हा अडकायचं. नाहीतर काम थांबवायचं.

"त्या इमारतीत बायाइचे बाळंतपनं होतीन," भाऊ म्हणाले. "फाटक्या भिंतीखाली मी कोनाले झोपवू?" त्यांनी काम थांबवलं.

मावशीला यातलं काहीच आधी कळलं नाही. तिला वाटलं मजूर दिवाळीला गेलेत. दिवाळी होऊन गेली, खड्ड्यात पाणी तुंबून हिरवं झालं, तेव्हा ती एसटीने वाशिमला आली, थेट आमच्या ऑफिसात. जिना चढून तिला धाप लागली होती. पाणी प्यायली आणि भाऊंसमोर हात जोडून म्हणाली, "साहेब, काळी नाही चालत न? मंग बरड घ्या. तिथी त सगळा मुरूमच हाय. ते बी देतो मी. दोन्ही घ्या, पन दवाखाना बांधा."

भाऊंनी मान खाली घातली. त्यांनी मला खूण केली, म्हणजे वाचणारी मीच. मी मावशीला सांगितलं की करारात जागेची व्याख्या आहे. कामाची जागा म्हणजे अमुक गटातला अमुक तुकडा, दुसरा नाही. जागा बदलायची तर हा करार रद्द, मंजुरी रद्द, पुन्हा ठराव, पुन्हा बक्षीसपत्र, पुन्हा टेंडर, आणि तोवर ही योजना उरेल की नाही कोणी सांगू शकत नाही.

"मंग काळी वापस देतीन का?"

"नाही. बक्षीस दिलेलं परत मिळत नाही."

"पन त्याइले ते नाही पाह्यजे न!"

"नको असलं तरी, मावशी."

मला त्या वेळी माझा, भाऊंचा आणि त्या अटी मसुद्यात घालणाऱ्या कुणा अज्ञात माणसाचा सारखाच राग आला. मावशी भांडली नाही. पिशवीतून हरभऱ्याची ओली भाजी काढून माझ्या टेबलावर ठेवली, बरडावरची होती, आणि परतीची एसटी चुकेल म्हणून उठली.

पुढे जे व्हायचं ते झालं. भाऊंना नोटीस आली, मग काम काढून घेतल्याचं पत्र आलं. भाऊ वकिलाकडे गेले. प्रकरण चालू आहे, म्हणजे पडून आहे. योजनेत ते उपकेंद्र दुसऱ्या गावाला गेलं असं ऐकते. सिस्टर अजूनही ओट्यावर बसून टोचतात आणि ऊन उतरायच्या आत निघून जातात. मावशीने ते जुनं वाक्य बोलणं सोडून दिलंय. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. आता ती गप्प बसते तेव्हा ते वाक्य ऐकायला मिळावं असं वाटतं.

परवा, उन्हाळ्याच्या तोंडी, जागेचा पंचनामा होता. कंत्राटदाराचं काय सामान आहे, कार्यालयाचं काय आहे, ते लिहून घ्यायचं आणि जागा ताब्यात घ्यायची. भाऊ म्हणाले मी नाही येत, तू जा. इंजिनिअर साहेब आले होते, तेच. खड्डा आटला होता, तळाला चिखल होता आणि काठावर शेळ्या. बाजूला खोदून काढलेल्या काळीचा मोठा ढीग, वरून वाळलेला. आम्ही पत्रे मोजले, सळया मोजल्या. साहेब ढिगापाशी गेले तर पलीकडच्या बाजूला मावशी बसलेली होती. हाताने माती ओढून घमेल्यात भरत होती.

"काय करून राह्यली, मावशी?" मी विचारलं.

"बरडावर टाकतो," ती म्हणाली. तिचा आवाज कित्येक दिवसांनी हलका होता. "रोज दोन-चार घमेले नेले त पावसापोत्तर एक पट्टा होते. तेवढ्यात भाजीपाला होईन. अठी पडून राह्यली त वाहूनच जाईन."

साहेब माझ्याकडे वळले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, गावातल्या लोकांनी आधीच ट्रॉल्या भरून नेल्यात. माझ्यावर तक्रार झाली, खुलासा मागितलाय. आज पंचनाम्याला बाकीचे पंच पण आहेत. मला दिसलंच नसतं तर वेगळं होतं. तुम्हीच सांगा त्यांना."

रस्त्याच्या कडेला दोन पंच उभे होते आणि इकडेच बघत होते. मी पिशवीतून कराराची प्रत काढली. मला ती अट शोधावी लागली नाही, पाठ होती, तरी मी पान उघडलं. कागद हातात असला की आपण बोलत नाही, कागद बोलतो, असं वाटतं. मी वाचलं: खोदकामातून निघालेले सर्व साहित्य, माती, मुरूम अथवा दगड, ही कार्यालयाची मालमत्ता राहील व लेखी परवानगीशिवाय ती हलवता येणार नाही.

मावशीने नीट ऐकून घेतलं. भाऊंसारखे तिने डोळे मिटले नव्हते.

"म्हंजे माती बी?"

"हो."

"मी त जागा देल्ली होती, बाई. दवाखान्यापुरती जागा. माती कधी देल्ली?"

याचं उत्तर करारात नाही. मी पान बंद केलं. साहेब दुसरीकडे बघत होते.

मावशी उठली. भरलेलं घमेलं तिने ढिगावर पालथं केलं, तळाला चिकटलेली माती हाताने खरवडून तीही टाकली. पदराने हात पुसले. निघाली, चार पावलं गेली आणि थांबून परत आली. पायातल्या चपला काढल्या, एकावर एक आपटल्या, तळव्याला लागलेली काळी झटकून ढिगावर पाडली.

"हे बी त्याइचंच," ती म्हणाली. "लिहून घे."

चपला हातात धरून ती धुऱ्यावरून, त्या दगडांवरून, अनवाणी बरडाकडे गेली. साहेबांनी लिहिलं: मातीचा ढीग एक, जागेवर, जसाच्या तसा. खाली पंचांनी सह्या केल्या, आणि भाऊंच्या वतीने मी केली.